डब्लिनची भिंत आणि ओहोटीचें पाणी

इतिहासाच्या अध्यापकानें राजे, लढाया आणि तह यांविषयीं लिहावें; समुद्राच्या भरती-ओहोटीशीं त्याला काय कर्तव्य आहे, असा प्रश्न हा मथळा वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील. त्यांस आम्ही प्रथम एका लढाईचीच हकीकत सांगतों. इ. स. १०१४ च्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस, गुड फ्रायडेच्या दिवशीं, आयर्लंडांत डब्लिन शहराजवळ क्लोंटार्फ येथें ब्रायन बोरू या आयरिश राजाचें सैन्य एका बाजूस आणि डब्लिनचे नॉर्समन व त्यांचे साथीदार दुसऱ्या बाजूस, अशी मोठी लढाई झाली. जुन्या आयरिश बखरींत असें लिहिलें आहे कीं, त्या दिवशीं सूर्योदयाच्या वेळीं पूर्ण भरती होती, आणि संध्याकाळीं पुन्हां भरती येऊन पळणाऱ्या नॉर्समन लोकांचा परतीचा मार्ग तुटला. बखरकाराचें हें म्हणणें खरें कीं कल्पित, याचा निकाल लागण्यास साडेआठशें वर्षें जावीं लागलीं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील सॅम्युएल हॉटन या विद्वानानें चंद्रसूर्यांच्या गतीवरून त्या दिवसाच्या भरतीचें गणित मांडलें, तेव्हां पहांटेची भरती साडेपांचच्या सुमारास आली असली पाहिजे असें उत्तर निघालें. बखर खरी ठरली.

ज्या किनाऱ्यावर ही लढाई झाली, त्याच क्लोंटार्फच्या किनाऱ्यापासून पुढें आठ शतकांनीं एक दगडी भिंत समुद्रांत नेण्यांत आली. आज आम्हांस तिची हकीकत सांगावयाची आहे. मनुष्यानें समुद्राच्या पाण्यांत धक्का किंवा भिंत घातली असतां त्या पाण्याच्या ओघाचें आणि ओघाबरोबर हिंडणाऱ्या वाळूचें पुढें काय होतें, हें या भिंतीच्या दोनशें वर्षांच्या चरित्रांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें फारच थोड्या ठिकाणीं दिसेल. धक्के बांधण्याचें काम जगांत अद्यापि चालूच आहे. तेव्हां ही गोष्ट जुनी असली तरी शिळी नाहीं.

डब्लिनचा उपसागर आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, आयरिश समुद्राकडे तोंड करून पसरला आहे. उत्तरेस हौथची टेकडी आणि दक्षिणेस डॉकीची खडकाळ भूमि, या दोहोंमधील अंतर सुमारें सहा मैल आहे. पश्चिमेकडून लिफी नदी शहराच्या मध्यभागांतून वाहत येऊन या उपसागरास मिळते. उधाणाच्या दिवशीं येथें भरतीच्या व ओहोटीच्या पातळींत अकरा-बारा फुटांचें अंतर पडतें. उपसागराचा तळ वाळूचा आणि उथळ. नदीच्या मुखाच्या दोन्ही अंगांस पूर्वीं वाळूचे दोन विस्तीर्ण पट्टे असत. ओहोटीस ते उघडे पडत आणि भरतीस बुडून जात. उत्तरेकडील पट्ट्यास नॉर्थ बुल व दक्षिणेकडील पट्ट्यास साउथ बुल असें म्हणत. त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज बैलाच्या डुरकण्यासारखा येई, म्हणून हीं नांवें पडलीं असें सांगतात.

या दोन पट्ट्यांमधून नदीचा ओघ जेथें समुद्रास मिळे, तेथें वाळूचा एक आडवा उंबरा होता. आमच्या कोंकणांतील वाचकांस अशा उंबऱ्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. खाडीच्या तोंडाशीं भरतीची वाट पाहत नांगर टाकून राहिलेलीं गलबतें त्यांच्या परिचयाचीं आहेत. आणि शूर्पारक व चौल यांसारखीं, एके काळीं परदेशचीं तारवें जेथें येत अशीं आपलीं बंदरें गाळानें कशीं भरून गेलीं, हेंहि त्यांस ठाऊक आहे. उंबरा बनण्याचें कारण साधें आहे. अरुंद पात्रांतून वाहणाऱ्या पाण्याच्या अंगीं वेग असतो, आणि त्या वेगाच्या बळावर तें वाळू व गाळ वाहून आणतें. रुंद उपसागरांत शिरतांच तेंच पाणी पसरतें, मंदावतें आणि अंगावरचें ओझें जागच्या जागीं टाकून देतें. समोरून येणाऱ्या लाटा आणखी वाळू आंत ढकलीत असतात. दोहोंची गांठ जेथें पडते तेथें ढीग सांचतो. डब्लिनच्या या उंबऱ्यावर ओहोटीच्या वेळीं अवघें सहा फूट पाणी असे.

सहा फूट पाण्यांतून मोठें जहाज जाऊं शकत नाहीं. त्यामुळें बंदरांत शिरणाऱ्या जहाजास भरती येईपर्यंत उघड्या उपसागरांत थांबावें लागे, आणि बाहेर पडलेल्या जहाजास, वारा फिरला तरी, मन मानेल तेव्हां परत आंत येतां येत नसे. पूर्वेचा वारा सुटला म्हणजे हा उपसागर म्हणजे एक सापळाच होई. १८०७ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत 'रोचडेल' आणि 'प्रिन्स ऑफ वेल्स' हीं दोन जहाजें सैनिकांस घेऊन डब्लिनहून निघालीं. तीं हिमाच्या वादळांत सांपडलीं आणि उपसागराच्या दक्षिण किनाऱ्यावर खडकांवर आपटून फुटलीं. सुमारें चारशें माणसें मेलीं. त्यांत सैनिकांच्या बायका होत्या, मुलें होतीं. आणि त्यांपैकीं कित्येकांना मृत्यु आला तो जमिनीपासून हांकेच्या अंतरावर. बंदराच्या तोंडाची खोली हा केवळ व्यापाऱ्यांच्या नफ्यातोट्याचा प्रश्न नव्हता, हें वाचकांनीं येथें ध्यानांत ठेवावें.

या प्रश्नाशीं डब्लिनच्या लोकांची झुंज त्यापूर्वीं शंभर वर्षें चालू होती. १७०७ सालीं कायदा होऊन बंदराच्या देखरेखीसाठीं 'बॅलास्ट ऑफिस' या नांवाची कचेरी निर्माण झाली. बॅलास्ट म्हणजे आपल्या खलाशांचें नीरम; रिकामें जहाज कलंडूं नये म्हणून त्याच्या तळाशीं जी वाळू किंवा दगड भरतात तें. ही वाळू नदीच्या पात्रांतून काढावयाची व जहाजांस विकावयाची, म्हणजे पात्रहि खोल होईल आणि कचेरीचा खर्चहि भागेल, असा तो हिशोब होता. हिशोब चतुराईचा खरा. परंतु फावड्यानें काढलेली वाळू समुद्र पुन्हां आणून टाकीत असे.

तेव्हां दुसरा उपाय निघाला. साउथ बुलची वाळू वाऱ्यानें व लाटांनीं नदीच्या ओघांत येऊन पडते, तिला आडोसा करावा असें ठरलें. प्रथम झाडांच्या फोकांचे मोठाले करंडे विणून त्यांत दगड भरले व ते बुडविले. लाकडी खुंटांच्या रांगा ठोकल्या. वादळांनीं त्या खिळखिळ्या केल्या. शेवटीं डॉकीच्या खाणींतून ग्रॅनाइटचे चिरे आणून भक्कम भिंत बांधण्यास प्रारंभ झाला. तिच्या समुद्राकडील टोंकाशीं पूलबेगचें दीपगृह १७६८ च्या सुमारास उभें राहिलें, आणि भिंत पुरी होण्यास १७९५ साल उजाडलें. ही दक्षिण भिंत सुमारें तीन मैल लांब होती. तिनें जहाजांस दक्षिणेच्या वाऱ्यापासून आसरा दिला, हें खरें. पण उंबरा जेथल्या तेथें राहिला. ओहोटीचें पाणी दक्षिणेकडे अडलें तरी उत्तरेकडे नॉर्थ बुलच्या अफाट पट्ट्यावर त्याला पसरण्यास मोकळीक होती. ओंजळींत पाणी धरावयाचें तर दोन्ही हात लागतात. डब्लिननें एकच हात पुढें केला होता.

१८०० सालीं विल्यम ब्लाय हा आरमारी कप्तान या उपसागराची मोजणी करण्यास आला. 'बाउंटी' जहाजावर १७८९ मध्यें ज्याच्याविरुद्ध त्याच्याच खलाशांनीं बंड केलें, तोच हा ब्लाय. माणसें हाताळण्याची कला त्याला साधली नसेल. परंतु पाण्याची खोली मोजण्यांत व नकाशा काढण्यांत त्याचा हातखंडा होता. कांहीं महिन्यांत त्यानें उपसागराचा उत्कृष्ट नकाशा तयार केला आणि उत्तरेकडेहि एक भिंत असावी अशी सूचना केली. आज लोक उत्तर भिंतीचें सारें श्रेय ब्लायला देतात. तें यथार्थ नाहीं. जी भिंत प्रत्यक्ष बांधली गेली ती त्याच्या आराखड्याहून निराळी आहे. तिची आंखणी जॉर्ज हाल्पिन आणि फ्रान्सिस जाइल्स यांच्या १८१९ च्या पाहणीवरून झाली. त्याच वर्षीं क्लोंटार्फच्या किनाऱ्यापासून एक लाकडी पूल घालून कामास सुरुवात झाली, आणि १८२५ सालीं ९५,००० पौंड खर्चून भिंत पुरी झाली.

या भिंतीच्या रचनेंतील युक्ति समजून घेण्यासारखी आहे. क्लोंटार्फपासून निघून ती आग्नेयेकडे, म्हणजे पूलबेगच्या दीपगृहाच्या रोखानें, सुमारें पावणेदोन मैल जाते. त्यामुळें दक्षिण भिंत व उत्तर भिंत या समुद्राकडे जातां जातां एकमेकींजवळ येतात. आंत विस्तीर्ण जागा आणि तोंड मात्र अरुंद, अशी आकृति बनते. भरतीच्या वेळीं ही सारी जागा पाण्यानें भरते, आणि ओहोटीस तेवढें सगळें पाणी त्या अरुंद तोंडांतून बाहेर पडावें लागतें. वाट अरुंद झाली कीं वेग वाढतो. आणि वेग वाढला म्हणजे पाण्याची वाहून नेण्याची शक्ति किती वाढते, याविषयीं स्थापत्यशास्त्रज्ञांचा एक जुना नियम आहे: वेग दुप्पट झाला असतां, ओघानें लोटतां येणाऱ्या दगडाचें वजन दुप्पट नव्हे, तर चौसष्ट पट होतें.

परंतु भिंत सबंध उंच बांधली असती तर भरतीचें पाणी आंत शिरण्यासहि अडचण पडली असती. आणि जें आंत आलेंच नाहीं तें ओहोटीस बाहेर कोठून पडणार? म्हणून भिंतीचा बाहेरचा भाग मुद्दाम ठेंगणा ठेवला. भरती अर्ध्यावर आली कीं तो पाण्याखालीं जातो आणि पाणी त्याच्यावरून मोकळेपणें आंत पसरतें. ओहोटी लागली म्हणजे पहिल्या अर्ध्या वेळांत पाणी भिंतीवरून इकडेतिकडे निघून जातें; पण पातळी अर्ध्यावर आली कीं भिंत डोकें वर काढते, आणि राहिलेलें सारें पाणी दोन भिंतींच्या मधल्या ओघांतूनच सुटतें. ओहोटीचा हा उत्तरार्धच कामाचा. कारण त्या वेळीं पाणी उथळ असतें आणि त्याचा जोर तळावरील वाळूस लागतो. दिवसांतून दोनदां, वर्षाचे बारा महिने, एक पैसा मजुरी न घेतां ओहोटीनें हा उंबरा घांसून काढावा, अशी ती योजना होती.

तिचें फळ काय झालें? भिंत पुरी झाल्यावर उंबऱ्यावरील पाणी हळूहळू वाढत चाललें. १८७३ पर्यंत, म्हणजे सुमारें पन्नास वर्षांत, ओहोटीच्या वेळची खोली सहा फुटांवरून सोळा फुटांवर गेली. वाफेचीं यंत्रें लावून वर्षानुवर्षें गाळ उपसावा तेव्हां जें साधावयाचें, तें एका दगडी बांधानें आणि समुद्राच्या नित्यक्रमानें साधलें. आजच्या अवाढव्य जहाजांस ती खोली पुरत नाहीं, त्यासाठीं यंत्रानेंच गाळ काढावा लागतो. तरी डब्लिन हें मोठें बंदर म्हणून जगलें याचें बरेंचसें श्रेय या भिंतीस दिलें पाहिजे.

येथपर्यंतची हकीकत यशाची आहे, आणि स्थापत्याच्या पुस्तकांत ती बहुधा येथेंच संपते. पण उंबऱ्यावरील दहा फूट वाळू गेली कोठें, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो. वाळू विरघळत नाहीं. ओहोटीनें ती तोंडाबाहेर नेली. बाहेर समुद्राच्या ओघांनीं व लाटांनीं तिचा ताबा घेतला. आणि भिंतीच्या उत्तरेस, जेथें आतां नदीच्या ओघाचा धक्का पोहोंचत नव्हता अशा आडोशास, ती पुन्हां येऊन पडूं लागली. नॉर्थ बुलचा जो पट्टा भरतींत बुडून जात असे, तो वर येऊं लागला. वाळू सुकली, वाऱ्यानें तिच्या टेकड्या केल्या, टेकड्यांवर गवत धरलें, आणि एक नवें बेट जन्मास आलें. आज तें सुमारें तीन मैल लांब आहे. १८८९ मध्यें तेथें गॉल्फचें मैदान झालें. १९३१ मध्यें पक्ष्यांसाठीं तें राखीव झालें. १९८१ मध्यें युनेस्कोनें जगांतील संरक्षित जीवावरणांच्या यादींत त्याचें नांव घातलें. उत्तर कॅनडाच्या हिमप्रदेशांतून ब्रेंट जातीचे हंसासारखे पक्षी हिंवाळ्यांत तेथें उतरतात. भिंत बांधणाऱ्यांपैकीं कोणींहि बेट मागितलें नव्हतें. त्यांनीं खोली मागितली. समुद्रानें ती दिली, आणि हिशोब पुरा करण्यासाठीं तेवढी वाळू शेजारीं आणून ठेवली.

भिंत गाळ नाहींसा करीत नाहीं; ती त्याची जागा बदलते. हें एक वाक्य वाचकांच्या ध्यानांत राहिलें तर आमच्या या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं. जागा चांगली मिळाली तर तिला बेट म्हणतात, वाईट मिळाली तर बंदर बुडालें असें म्हणतात. याचें दुसरें उदाहरण त्याच परिसरांत आहे. हौथच्या टेकडीच्या उत्तर अंगास टपालाच्या बोटींसाठीं एक नवें बंदर १८०७ मध्यें सुरू करून मोठ्या खर्चानें बांधण्यांत आलें. दोन बांध समुद्रांत घालून मधें शांत पाणी निर्माण केलें. पाणी शांत झालें, हेंच त्याचें वैगुण्य. प्रत्येक भरतीबरोबर आंत येणारी रेती त्या शांत पाण्यांत खालीं बसे, आणि तिला बाहेर ओढून नेईल असा ओहोटीचा जोर तेथें नव्हता. १८१८ पासून टपालाच्या बोटी तेथें येऊं लागल्या, आणि वीस वर्षांच्या आंत त्या तेथून निघूनहि गेल्या. उपसागराच्या दक्षिणेस, १८०७ च्या अपघातानंतर जें आश्रयाचें बंदर १८१७ पासून बांधण्यांत आलें, त्याच्या म्हणजे आजच्या डून लिअरीच्या खोल पाण्यांत त्यांस जागा मिळाली. दगड तेच, राज्यकर्ते तेच, काळ तोच. परंतु एका ठिकाणीं ओहोटीस कामाला लावलें होतें आणि दुसऱ्या ठिकाणीं तिला घराबाहेर ठेवलें होतें.

यावरून साध्या धक्क्याविषयींहि कांहीं अनुमानें निघतात. किनाऱ्यालगत भराव घालून केलेला भरीव धक्का ओघास बाजूस सारतो. त्याच्या टोंकाशीं पाण्याचा वेग वाढून तळ खणला जातो, आणि त्याच्या मागें व पुढें, आडोशाच्या कोंपऱ्यांत, पाणी भोंवरे घेत मंदावून गाळ टाकतें. खांबांवर उभा केलेला धक्का पाण्यास वाट देतो. तरी दाट खांबांमध्यें पाण्याची गति थोडी मंदावतेच, आणि पाणी गढूळ असेल तर खांबांच्या मधून चिखल धरूं लागतो. तिसरी गोष्ट डोळ्यांस न दिसणारी असल्यामुळें अधिक घातक आहे. पुष्कळ धक्के व त्यांच्या मागच्या वखारी खाजणांवर भराव घालून केलेल्या असतात. ओहोटीच्या वेळीं हें खाजण म्हणजे निव्वळ चिखल दिसतो, आणि तो भरून काढण्यांत कोणाचें नुकसान आहे असें वाटत नाहीं. पण भरतीचें पाणी तेथेंच सांठत असतें. जितकें खाजण बुजेल तितकें आंत येणारें पाणी कमी. तितकीच ओहोटीची धार दुबळी. आणि मग मैलभर दूर असलेल्या बंदराच्या तोंडाशीं गाळ बसूं लागतो. धक्का येथें बांधावा आणि उंबरा तेथें वाढावा, असें हें दूरचें नातें आहे.

डब्लिनमध्यें वाळूचा मुख्य वाहक भरती-ओहोटीचा ओघ होता. जेथें हें काम लाटा करितात तेथें भिंतीचा परिणाम कसा होतो, हें पाहण्यास आपल्या देशांतील मद्रासचें उदाहरण पुरेसें आहे. मद्रासेस भरती-ओहोटीचें अंतर तीन-चार फुटांपलीकडे फारसें जात नाहीं. नैर्ऋत्येच्या मोसमांत लाटा किनाऱ्यावर तिरप्या आपटतात आणि वाळूस उत्तरेकडे सरकवीत नेतात. ईशान्येच्या मोसमांत उलट घडतें. परंतु वर्षअखेरीस जमाखर्च मांडला तर वाळू उत्तरेकडे गेलेली असते. १८६१ मध्यें तेथें लोखंडी खांबांचा धक्का झाला, तेव्हां ही वाळू खांबांमधून बिनतक्रार निघून जाई. पण जहाजांस आसरा मिळत नसे. म्हणून १८७५ च्या अखेरीस, समुद्रांत दोन भिंती घालून बंदर करण्याच्या कामास प्रारंभ झाला. या भिंती ओघाच्या दिशेनें नव्हे, तर वाळूच्या वाटेंत आडव्या होत्या. त्या पुऱ्या होण्याच्या आधींच दक्षिणेस वाळू थबकून पुळण वाढूं लागली. १८८१ च्या नोव्हेंबरांतील चक्री वादळानें भिंती मोडल्या, त्या पुन्हां बांधल्या. वाळूनें मात्र आपला क्रम सोडला नाहीं.

दक्षिणेकडील ही वाढलेली पुळण म्हणजेच मद्रासची सुप्रसिद्ध मरीना. तिच्या कांठानें फिरण्याचा रम्य मार्ग करून तिला हें नांव देणारा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हा, मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ मध्यें प्रसिद्ध करणाऱ्या जेम्स ग्रँट डफचा मुलगा होय. बापानें आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा हिशोब मांडला, आणि मुलाच्या वांट्यास समुद्रानें टाकलेली वाळू आली. पण दक्षिणेस जमा झालेली वाळू उत्तरेस खर्ची पडली पाहिजे. रॉयपुरमच्या बाजूस, जेथें पूर्वीं दरवर्षीं नवी वाळू येऊन झीज भरून निघे, तेथें ती येईनाशी झाली आणि समुद्र किनारा खाऊं लागला. तेथील कोळ्यांच्या वस्त्या मागें सरकल्या. किनारा राखण्यास दगडांचे ढीग टाकावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीं या वाळूच्या प्रवासाचा कसून अभ्यास केला. १९१२ मध्यें श्रीनिवास रामानुजन् हे ज्या कचेरींत कारकून म्हणून लागले तीच ही कचेरी. स्प्रिंगच्याच कारकीर्दींत बंदराचें पूर्वेकडील तोंड बुजवून ईशान्येस नवें तोंड करण्यांत आलें, तेव्हां बंदराचा बचाव झाला. रॉयपुरमचा झाला नाहीं. मरीनावर हवा खाण्यास जाणाऱ्यांपैकीं किती जणांस आपण ज्या वाळूवर चालतों ती कोणाच्या तरी अंगणांतून अडवून ठेवलेली आहे, याची जाणीव असते?

आतां पुन्हां डब्लिनकडे वळून ही हकीकत पुरी करूं. नव्या बेटाच्या आणि मुख्य भूमीच्या मधें एक लांबट, शांत खाडी राहिली होती. भरतीचें पाणी तिच्यांत दोन्ही टोंकांनीं शिरे आणि दोन्ही टोंकांनीं परते. बेटावर जाण्यास जुना लाकडी पूल होता. पण मोटारगाड्या वाढल्या, समुद्रस्नानास जाणाऱ्यांची गर्दी वाढली, आणि बेटाच्या मध्यावर जाण्यासाठीं खाडींत भराव घालून एक रस्ता करण्यांत आला. तो १९६४ मध्यें पुरा झाला. रस्ता भरीव होता. खाडीचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यांत भरतीचें पाणी रस्त्यापर्यंत येऊन थबकूं लागलें. आणि थबकलेलें पाणी जें नेहमीं करितें तेंच त्यानें येथेंहि केलें. रस्त्याच्या दोन्ही अंगांस बारीक गाळ सांचत चालला, आणि चिखलाच्या जागीं खारें गवत पसरूं लागलें. आम्हांस याचें नवल वाटतें तें अशासाठीं कीं, हें त्याच शहरांत घडलें, ज्या शहरानें ओहोटीस वाट कशी द्यावी याचा धडा साऱ्या जगास घालून दिला होता, आणि तें त्या धड्यानेंच निर्माण केलेल्या बेटाच्या उंबरठ्यावर घडलें. हाल्पिननें भिंतीचा एक भाग ठेंगणा ठेवला तो पाण्याचा विचार करून. दीडशें वर्षांनंतर रस्ता करणाऱ्यांनीं विचार केला तो मोटारींचा.

विद्या वाढत असतां स्मरण कमी कसें होतें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे, आणि म्हणूनच आम्हीं हा विषय घेतला. आज कोणताहि मोठा धक्का बांधण्यापूर्वीं त्या उपसागराची लहान प्रतिकृति करून, तींत भरती-ओहोटी सोडून, गाळ कोठें बसतो हें पाहतां येतें. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्यास अशी संस्था आहे. तिचा आरंभ १९१६ चा. गणकयंत्रांच्या साहाय्यानें तर महिन्यांचें काम दिवसांत होतें. साधनांची उणीव उरलेली नाहीं. उणीव असते ती प्रश्न विचारणाऱ्यांची. 'या धक्क्यापाशीं किती खोल पाणी मिळेल?' हा प्रश्न बांधणारा विचारतो, आणि त्याचें उत्तर त्याला मिळतें. 'येथून निघालेली वाळू कोणाच्या दारांत जाईल, आणि कोणाच्या दारची यावयाची राहील?' हा प्रश्न विचारण्यांत त्याचा कांहींच स्वार्थ नसतो. तो विचारावयाचा तो किनाऱ्यावरील कोळ्यांनीं, शहरांतील सुशिक्षितांनीं आणि त्यांच्या वतीनें कारभार पाहणाऱ्यांनीं. आणि तो विचारावयाचा तो पहिला दगड पाण्यांत पडण्यापूर्वीं.

क्लोंटार्फच्या बखरकारानें हजार वर्षांपूर्वीं आपल्या वृत्तांतांत भरतीची वेळ टिपून ठेवली, म्हणून पुढें ती पडताळून पाहतां आली. आपल्या बंदरांच्या अहवालांत किती जहाजें आलीं आणि किती माल उतरला याचे आंकडे दरसाल छापून येतात. त्यांच्याच शेजारीं, त्या वर्षीं कोणता किनारा किती फूट पुढें आला आणि कोणता किती फूट मागें गेला, याचाहि एक रकाना असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.